मेटाट्रेडर ५ रिव्ह्यू : कोड लिहिणाऱ्यांसाठी, ऑर्डर-डील-पोझिशनच्या हिशेबासकट

मराठीत मेटाट्रेडर या ट्रेडिंग प्लॅटफॉर्मबद्दल जे काही सापडतं ते बहुतेक चार्ट, इंडिकेटर आणि रोबोट लावून पैसे कमवा याच्याभोवतीच फिरतं, कोड लिहिणाऱ्याला रोज जे लागतं त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. म्हणून हा रिव्ह्यू मी मुद्दाम एकाच बाजूने लिहितोय, हा प्लॅटफॉर्म तुमच्या व्यवहाराचा हिशेब कसा ठेवतो आणि तो हिशेब कोडमधून वाचायला किती सोपा किंवा अवघड आहे. चार्ट कसे दिसतात, थीम कोणती, मोबाईल ॲप कसं आहे हे सगळं सोडून दिलंय. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, ऑर्डर, डील आणि पोझिशन अशा तीन वेगळ्या वह्या ठेवणं ही मेटाट्रेडर ५ ची सगळ्यात चांगली गोष्ट आहे, आणि जुने लोक सगळ्यात जास्त वैतागतात ते पण नेमके याच गोष्टीवर.

वैतागण्याचं कारण समजून घ्या. मेटाकोट्स कंपनीने मेटाट्रेडर ४ आणलं २००५ मध्ये आणि ५ आणलं २०१० मध्ये. चार मध्ये सगळं म्हणजे ऑर्डर. पेंडिंग लावलेली लिमिट पण ऑर्डर, चालू असलेला सौदा पण ऑर्डर, बंद होऊन इतिहासात गेलेला सौदा पण ऑर्डरच. एक ऑर्डरसिलेक्ट फंक्शन मारली की ओपन प्राइस, क्लोज प्राइस, नफा, स्वॅप (सौदा रात्रभर ठेवल्याचं व्याज), कमिशन सगळं एकाच जागी मिळायचं. छोटा एक्स्पर्ट ॲडव्हायझर, म्हणजे आपोआप सौदे करणारा रोबोट, लिहायला हे मस्तच होतं, मग अशी सवय लागलेल्या माणसाला पाच समोर आणून ठेवलं की तो ऑर्डर्सटोटल विचारतो आणि उत्तर येतं शून्य, सौदा तर समोर चालू दिसतोय. मग तो म्हणतो प्लॅटफॉर्म बेकार आहे. प्लॅटफॉर्म बरोबर सांगतोय, कारण पाच मध्ये ऑर्डर्सटोटल फक्त अजून पूर्ण न झालेल्या ऑर्डर मोजतो, चालू सौदे मोजायचे तर पोझिशन्सटोटल विचारायचं.

आपल्याकडच्या माणसाला खरं तर हे समजायला जास्त सोपं जायला हवं. ज्याने एनएसईचं टर्मिनल किंवा कुठल्याही ब्रोकरचं ॲप वापरलंय त्याला ऑर्डर बुक, ट्रेड बुक आणि नेट पोझिशन हे तीन टॅब माहितीच असतात. ५०० शेअरची लिमिट टाकली, आधी २०० भरले, मग २५०, मग उरलेले ५०. ऑर्डर बुकात एक ओळ, ट्रेड बुकात तीन ओळी, नेट पोझिशनमध्ये ५०० ची एक ओळ. मेटाट्रेडर ५ मध्ये ट्रेडच्या जागी डील म्हणतात एवढाच फरक. ऑर्डर म्हणजे तुम्ही सर्व्हरला केलेली मागणी, ती भरेल, अर्धी भरेल, रद्द होईल किंवा रिजेक्ट होईल. डील म्हणजे खरोखर झालेला व्यवहार, किती व्हॉल्यूम, कुठल्या भावाने, किती वाजता. पोझिशन म्हणजे सगळ्या डीलचा हिशेब लागून आत्ता तुमच्या नावावर काय उभं आहे ते.

यातली डील ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि नवीन लोक सगळ्यात कमी बघतात ती पण हीच. पैसा फक्त डीलमध्ये असतो. ऑर्डरमध्ये नफा नावाची प्रॉपर्टीच नाही, शोधून सापडणार नाही. पोझिशनमध्ये नफा दिसतो पण तो चालू, भाव हलला की बदलणारा, आणि पोझिशन बंद झाली की ती यादीतून गायब होते, बंद पोझिशन नावाची वस्तू या प्लॅटफॉर्ममध्ये कुठेही साठवलेली नसते. टर्मिनलच्या हिस्टरी टॅबमध्ये पोझिशन असा व्ह्यू दिसतो खरा पण तो डील जोडून बनवलेला असतो. कोडमध्ये ते जोडकाम तुम्हालाच करावं लागतं.

जोडायचं कसं तर प्रत्येक डीलवर पोझिशन आयडी असतो. एकाच पोझिशनच्या सगळ्या डीलवर तो सारखा. शिवाय प्रत्येक डीलवर एंट्रीचा प्रकार लिहिलेला असतो, इन म्हणजे आत गेलो, आउट म्हणजे बाहेर आलो, इनआउट म्हणजे एकाच फटक्यात उलटलो, आणि आउट-बाय म्हणजे समोरासमोरच्या दोन पोझिशन एकमेकांनी मिटवल्या. एखाद्या सौद्यात निव्वळ किती मिळाले ते काढायचं तर त्या आयडीच्या सगळ्या डीलचा प्रॉफिट, स्वॅप, कमिशन आणि फी यांची बेरीज. सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या, कारण पुष्कळ ब्रोकर कमिशन आत जातानाच्या डीलवर कापतात, आणि फक्त आउट डील बघून नफा काढणारा रिपोर्ट त्यामुळे कायम थोडा जास्त नफा दाखवतो. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या कितीतरी रिपोर्ट स्क्रिप्टमध्ये ही चूक असते, तुमच्याकडची उघडून तपासा. आणि हो, खात्यात पैसे भरले की ती पण एक डीलच असते, बॅलन्स प्रकारची. तिला गाळलं नाही तर पैसे भरल्याच्या दिवशी रोबोटने प्रचंड नफा केला असं दिसणार.

मॅजिक नंबरचं पण एक सांगायलाच हवं. आपल्या रोबोटचे सौदे ओळखायला ऑर्डर पाठवताना एक मॅजिक नंबर लावतात, आणि मग इतिहास वाचताना तोच नंबर लावून डील गाळतात. पण रोबोटने उघडलेली पोझिशन तुम्ही हाताने बंद केलीत तर त्या बंद करणाऱ्या डीलवर मॅजिक शून्य येतो. बरोबरच आहे ना, ती मागणी रोबोटची नव्हती, तुमची होती. म्हणून मॅजिक बघायचा फक्त इन डीलवर, तिथून पोझिशन आयडी घ्यायचा आणि पुढचं सगळं त्या आयडीने शोधायचं. हे कळलं की अर्धी डोकेदुखी संपते.

आता नेटिंग आणि हेजिंग. सुरुवातीला मेटाट्रेडर ५ मध्ये फक्त नेटिंग होतं, म्हणजे एका सिंबॉलवर (युरो-डॉलरसारख्या एका जोडीवर किंवा शेअरवर) एकच पोझिशन, अगदी एक्सचेंजवर असते तशी. फॉरेक्सवाल्यांना हे चाललं नाही कारण चार मध्ये त्यांना एकाच वेळी बाय आणि सेल दोन्ही उघडं ठेवायची सवय होती, म्हणून २०१६ मध्ये हेजिंग आलं. दोन्हीत फरक किती पडतो ते आकड्यात बघा. युरो-डॉलरचा १ लॉट (१ लाख युरो) १.१००० ला घेतला, अजून १ लॉट १.१०२० ला घेतला, मग १.१०३० ला ३ लॉट विकले. नेटिंग खात्यात पहिल्या दोन डीलनंतर २ लॉटची एकच पोझिशन, सरासरी १.१०१०. तिसऱ्या डीलने २ लॉट मिटले, दर लॉटला २० पिप्सच्या (१ पिप म्हणजे ०.०००१) हिशेबाने ४०० डॉलर जमा झाले आणि १ लॉटची सेल पोझिशन १.१०३० ला उभी राहिली, आणि ती डील एकच, ३ लॉटची, एंट्री प्रकार इनआउट. तेच तीन व्यवहार हेजिंग खात्यात केले तर तीन वेगळ्या पोझिशन उघड्या राहतात, दोन बाय आणि एक ३ लॉटची सेल, आणि जमा झालेला नफा शून्य. कोड तोच, ब्रोकर तोच, फक्त खात्याचा प्रकार वेगळा.

म्हणून रोबोट सुरू होतानाच अकाउंट मार्जिन मोड (खातं नेटिंगचं की हेजिंगचं ते) विचारून घ्यायचा आणि आपला कोड त्या प्रकारासाठी लिहिलेला नसेल तर तिथेच थांबायचं. हेजिंगमध्ये पोझिशन बंद करताना रिक्वेस्टमध्ये पोझिशनचं तिकीट (तिचा नंबर) भरलंच पाहिजे, नाही भरलं तर उलटी ऑर्डर नवीन पोझिशन उघडते आणि जुनी तशीच राहते. आणि पोझिशनसिलेक्ट सिंबॉलचं नाव देऊन वापरायची सवय नेटिंगमध्ये ठीक आहे, हेजिंगमध्ये त्याच सिंबॉलच्या अनेक पोझिशन असतात तेव्हा ती फंक्शन सगळ्यात लहान तिकिटाची पोझिशन निवडते, तुम्हाला हवी ती नाही. तिकीट आणि आयडेंटिफायर (वर सांगितलेला पोझिशन आयडी) यांच्यातही फरक आहे, नेटिंगमध्ये पोझिशन उलटली की तिकीट बदलतं पण आयडेंटिफायर शेवटपर्यंत तोच राहतो, त्यामुळे फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये साठवायचा असेल तर आयडेंटिफायर साठवा.

ऑर्डर पाठवायचा भाग मला मिश्र वाटतो. ऑर्डरसेंड ही एकच फंक्शन आणि तिला एक मोठा रिक्वेस्ट स्ट्रक्चर द्यायचा, ॲक्शन, सिंबॉल, व्हॉल्यूम, भाव, स्टॉप, टार्गेट, फिलिंगचा प्रकार वगैरे. मार्केट ऑर्डरसाठी ॲक्शनचं नाव डील, पेंडिंगसाठी पेंडिंग, स्टॉप-टार्गेट हलवायला वेगळी, पेंडिंग ऑर्डर बदलायला वेगळी, रद्द करायला वेगळी. एकदा डोक्यात बसलं की साफ आहे, पण पहिल्यांदा उघडणाऱ्याला घाबरवतं. सोबत येणारी सीट्रेड नावाची क्लास वापरली तर ट्रेड डॉट बाय एवढ्यात काम होतं आणि मी नवीन माणसाला तीच वापरायला सांगेन. फक्त एक पक्कं लक्षात ठेवा, बाय फंक्शनने ट्रू दिलं म्हणजे सौदा झाला असं नाही. रिझल्ट रिटकोड, म्हणजे उत्तरात आलेला कोड नंबर, वाचायचा. १०००९ म्हणजे झालं, १०००८ म्हणजे ऑर्डर लागली पण भरली का ते अजून माहीत नाही, १००१० म्हणजे अर्धवट भरली, १००१६ म्हणजे स्टॉप चुकीच्या जागी, १००१९ म्हणजे पैसे कमी, १००३० म्हणजे फिलिंगचा प्रकार त्या सिंबॉलला चालत नाही. हा शेवटचा १००३० नवीन ब्रोकरकडे गेलं की हमखास भेटतो, कारण एकीकडे फिल-ऑर-किल (पूर्ण भरा नाहीतर रद्द) चालतं आणि दुसरीकडे इमिजिएट-ऑर-कॅन्सल (मिळेल तेवढं भरा, उरलेलं रद्द), आणि ते सिंबॉलच्या प्रॉपर्टीतून वाचून घ्यायला पाहिजे, कोडमध्ये ठोकून ठेवायचं नाही.

सगळ्यात नाजूक जागा आहे ती वेळेची. तुम्ही ऑर्डर पाठवता, सर्व्हर स्वीकारतो, डील होते, पोझिशन बदलते, आणि या चार गोष्टी तुमच्या टर्मिनलमध्ये एकाच क्षणी पोचत नाहीत. ऑर्डरसेंड परत आला आणि लगेच पुढच्या ओळीत पोझिशन्सटोटल विचारला तर कधीकधी जुनाच आकडा मिळतो. रोबोटला वाटतं अजून काही उघडलेलंच नाही, तो परत ऑर्डर टाकतो, आणि सकाळी बघता तर दुप्पट माल. यावर औषध म्हणजे ऑनट्रेडट्रान्झॅक्शन ही इव्हेंट. ऑर्डर यादीत आली, डील जमा झाली, ऑर्डर यादीतून निघाली, इतिहासात गेली, प्रत्येक पायरीला ती वेगळी वाजते. पण कागदपत्रात स्पष्ट लिहिलंय की या पायऱ्या कुठल्या क्रमाने पोचतील याची हमी नाही, म्हणजे आधी हे येईल मग ते येईल असं धरून कोड लिहायचाच नाही. माझ्या मते सगळ्यात भरवशाची पद्धत अशी, बाकीच्या सूचना बघा पण हिशेब फक्त डील ॲड या सूचनेवर हलवा, तिच्यातलं डील तिकीट घ्या आणि त्या डीलची माहिती इतिहासातून वाचा. डील झाली म्हणजे झाली, तिच्यात पुढे बदल होणार असं धरून चालायची गरज नाही.

इतिहास वाचायची पद्धत मात्र मला अजिबात आवडत नाही, इथे मार्क कापणार. आधी हिस्टरीसिलेक्टला पासून-पर्यंत तारीख द्यायची, मग तो एक यादी मनात धरतो, आणि पुढच्या सगळ्या हिस्टरी फंक्शन त्या यादीवर चालतात. सिलेक्ट करायला विसरलात तर डील मोजणारी फंक्शन एरर न देता शून्य सांगते. त्याहून वाईट म्हणजे लूप चालू असताना मध्येच हिस्टरीडीलसिलेक्ट किंवा हिस्टरीऑर्डरसिलेक्ट वापरला की ती धरलेली यादी पुसली जाते आणि तिथे ती एकच ओळ उरते, लूप मधेच विस्कटतो आणि कुठेही लाल अक्षरात काही येत नाही. एवढी चांगली तीन वह्यांची रचना करून त्या वाचायला असा लपलेला जागतिक कप्पा ठेवणं हे मला पटत नाही, यादी थेट हातात द्यायला हवी होती. तोपर्यंत उपाय एवढाच की लूपमध्ये फक्त तिकिटं गोळा करून ॲरेमध्ये भरा आणि बाकी काम लूपच्या बाहेर करा. एका पोझिशनपुरतं बघायचं असेल तर हिस्टरीसिलेक्टबायपोझिशन आहे, ती छान आहे, तीच जास्त वापरा.

पायथॉनवाल्यांसाठी मेटाट्रेडर५ नावाचं अधिकृत पॅकेज आहे आणि तिथे हीच रचना जास्त सुटसुटीत झालीय, हिस्टरी डील्स गेट ला पोझिशन नंबर दिला की त्या सगळ्या डील थेट टपलमध्ये मिळतात, पांडाजमध्ये टाकून ग्रुपबाय केलं की रिपोर्ट तयार. पण ते फक्त विंडोजवर चालतं, टर्मिनल शेजारी चालू असावं लागतं, आणि इव्हेंट नाहीत, म्हणजे सतत विचारत बसावं लागतं. रिपोर्ट आणि अभ्यासासाठी पायथॉन, चालू सौद्यांसाठी एमक्यूएल५ (मेटाट्रेडर ५ ची स्वतःची भाषा), अशी विभागणी मला योग्य वाटते.

झिरोधा ब्रोकरच्या काइट कनेक्ट या एपीआयशी तुलना बरेच जण विचारतात. तिथेही ऑर्डर, ट्रेड, पोझिशन असे वेगळे भाग आहेत आणि शिवाय होल्डिंग हा चौथा, कारण आपल्याकडे शेअर डीमॅटला जमा होतात. पण काइटची ऑर्डर आणि ट्रेडची यादी त्या दिवसापुरतीच असते, दुसऱ्या दिवशी एपीआयमधून कालचं मिळत नाही, रोज संध्याकाळी स्वतः साठवून ठेवावं लागतं. मेटाट्रेडर ५ मध्ये शून्य तारखेपासून आजपर्यंत असं मागितलं की सर्व्हरने ठेवलेला सगळा इतिहास मिळतो. ज्याला दोन-चार वर्षांनी मागे वळून स्वतःची पद्धत तपासायची आहे त्याच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. स्ट्रॅटेजी टेस्टर पण इथे तोच कोड, त्याच ऑर्डर-डील-पोझिशन फंक्शनसकट, खऱ्या टिकवर (भावाच्या प्रत्यक्ष नोंदींवर) चालवतो, वेगळा बॅकटेस्ट कोड लिहावा लागत नाही. या एका कारणासाठी मी शिकायला आधी मेटाट्रेडर ५ च सुचवतो.

पण शिकायला म्हणतोय आणि हे मनापासून म्हणतोय. भारतात राहणाऱ्यांनी परदेशी ऑनलाइन ब्रोकरकडे पैसे भरून फॉरेक्स मार्जिन ट्रेडिंग करणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही, एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली पण मार्जिनसाठी पैसे पाठवायला परवानगी नाही, आणि आरबीआयने सप्टेंबर २०२२ पासून अशा प्लॅटफॉर्मची अलर्ट लिस्ट काढलीय, ती बघूनच पुढे जा. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असंही समजू नका. एनएसईसारख्या मान्यताप्राप्त एक्सचेंजवर सेबी नोंदणीकृत ब्रोकरकडून करन्सी करता येते, आणि एपीआयने ऑर्डर टाकणार असाल तर सेबीचं ४ फेब्रुवारी २०२५ चं रिटेल अल्गोबद्दलचं परिपत्रक वाचा. दुबई, लंडन, सिंगापूरला असलेल्या मराठी मंडळींनी तिथले नियम बघावे. डेमो खात्याला मात्र पैसे लागत नाहीत आणि ऑर्डर, डील, पोझिशन शिकायला तेवढं पुरेसं आहे.

रेटिंग द्यायचं तर रचनेला पाचपैकी पाच, इतिहास वाचायच्या पद्धतीला दोन, कागदपत्रांना चार, कारण प्रत्येक प्रॉपर्टी नीट लिहिलीय पण तीन वह्या एकत्र कशा चालतात ते शोधत हिंडावं लागतं.

इन्स्टॉल करणार असाल तर पहिल्या दिवशी रोबोट लिहू नका. टर्मिनलमधूनच डेमो उघडा, उघडताना हेजिंगचा टिक लावा, एका स्क्रिप्टमधून मॅजिक नंबर देऊन ०.२० लॉट बाय करा, ०.१० हाताने बंद करा आणि उरलेल्याला जवळ स्टॉप लावून तो लागू द्या. मग सगळा इतिहास सिलेक्ट करून प्रत्येक डीलचं तिकीट, एंट्री, व्हॉल्यूम, मॅजिक, कारण आणि पोझिशन आयडी प्रिंट करा. सगळ्यात वर बॅलन्सची डील दिसेल, खाली ०.२० ची इन, मग ०.१० ची आउट जिच्यावर मॅजिक शून्य, मग अजून एक ०.१० ची आउट जिचं कारण स्टॉपलॉस, आणि या तिन्ही डीलवर पोझिशन आयडी एकच. स्टॉप लागल्यावर सर्व्हरने स्वतःहून बनवलेली ऑर्डर पण हिस्टरी ऑर्डरमध्ये सापडेल, ती उघडून बघा.